प्रश्नमंजूषा आणि प्रसिद्धी

उन्हाळी सुट्टीतील बालशिबिर असो, शब्बाथ शाळेचा वार्षिक दिन असो की तरुण संघाचा मेळावा असो, कार्यक्रमपत्रिकेत एक गोष्ट आता हटकून आढळते. ती म्हणजे पवित्र शास्त्रावरील प्रश्नमंजूषा. दोन किंवा चार गट समोरासमोर बसतात, घंटा वाजते, नोहाच्या तारवाला किती मजले होते, पौलाचे जन्मगाव कोणते, असे प्रश्न विचारले जातात आणि मुलांचे हात भराभर वर होतात. हा कार्यक्रम मुलांना आवडतो, आईबापांना आवडतो, आणि त्या निमित्ताने घरोघरी शास्त्र उघडले जाते. याविषयी आमची काहीच तक्रार नाही.

मात्र अलीकडे या कार्यक्रमाच्या तयारीसाठी जी समिती बसते, तिच्यापुढे एक निराळाच विषय आधी येऊ लागला आहे. वृत्तपत्राचा बातमीदार येईल काय? कोणाला प्रमुख पाहुणे केले म्हणजे छायाचित्र छापून येईल? स्थानिक वाहिनीवाले कॅमेरा आणतील काय? निदान यूट्यूबवर तरी कार्यक्रम थेट दाखविता येईल काय? प्रश्न कोणी काढावेत आणि मुलांची तयारी कोणी करून घ्यावी, हा विषय मग चहाच्या वेळी उरकला जातो.

असे का होते हे समजण्यासारखे आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या आपल्या मराठी मंडळ्या लहान आहेत. शहरात त्या भाषेने वेगळ्या आणि धर्मानेही वेगळ्या. शेजाऱ्यांना पुष्कळदा ठाऊकही नसते की आपल्याच गल्लीत दर रविवारी मराठीतून उपासना होते. अशा लोकांना आपले नाव एकदा तरी छापून यावे असे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. म्हणूनच हा विषय आपण सर्वांनी शांतपणे विचारात घ्यावा असे आम्हांला वाटते. प्रसिद्धी मिळावी म्हणून प्रश्नमंजूषा भरवावी काय? आणि भरविली, तर त्या प्रसिद्धीची किंमत कोण देतो?

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दोन गोष्टी थोड्याच अंतरावर सांगितल्या आहेत, आणि वरवर पाहता त्यांचा मेळ बसत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो शिकवितो की दिवा मापाखाली झाकू नये, दिवठणीवर ठेवावा. सहाव्या अध्यायात तोच शिकवितो की दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नये. मग चांगले काम लोकांना दिसावे की दिसू नये? आम्हांला या दोहोंचा मेळ असा दिसतो. दिवठणीवरचा दिवा घरातल्या माणसांच्या उपयोगी पडतो. त्याच्या उजेडात कोणी धान्य निवडते, कोणी अभ्यास करते. दिव्याकडे टक लावून कोणी बसत नाही. कर्णा वाजला म्हणजे मात्र दान घेणाऱ्याचा विसर पडतो आणि सर्वांच्या नजरा देणाऱ्याकडे वळतात. तेव्हा एखादे काम लोकांच्या नजरेत आले एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. नजरेत आल्यामुळे ज्याच्यासाठी ते केले त्याचे काय झाले, हे पाहावे लागते.

आता प्रसिद्धी मिळविण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. कोणी प्रभातफेरी काढतो, कोणी रक्तदान शिबिर भरवितो. प्रश्नमंजूषा त्यांहून एका बाबतीत वेगळी आहे. तिच्यात प्रेक्षकाला न बोलता तीन वचने दिलेली असतात. उत्तर आधी कोणाला सांगितलेले नाही, हे पहिले. स्पर्धकाला जे येते तेच तो सांगेल, हे दुसरे. गुण देणारा कोणाच्याही बाजूचा नाही, हे तिसरे. याच भरवशावर प्रेक्षक श्वास रोखून पाहतो. म्हणजे ज्याला प्रश्नमंजूषेतून नाव मिळवायचे आहे, त्याचे सारे भांडवल हा भरवसाच असतो.

आणि अडचण येथेच उभी राहते. खरी प्रश्नमंजूषा कशी होईल हे आधी सांगता येत नाही. हुशार मुलगी पहिल्याच प्रश्नाला अडखळते. लागोपाठ सहा प्रश्नांना कोणालाच उत्तर येत नाही. ज्याच्याकडे कोणाचे लक्षही नव्हते तो मुलगा सर्वांवर मात करतो. शिक्षकाला यात पुष्कळ शिकण्यासारखे असते, पण प्रसिद्धीचे काम यावर भागत नाही. तिला रंगत हवी असते, आणि तीही ठरल्या वेळी.

या ओढाताणीचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेतील आहे. तेथे रेडिओवर एक जुना प्रश्नांचा कार्यक्रम होता, त्यात शेवटच्या प्रश्नाला ६४ डॉलर मिळत. जून १९५५ मध्ये त्याच कल्पनेवर टेलिव्हिजनचा कार्यक्रम सुरू झाला आणि बक्षीस झाले ६४ हजार डॉलर. त्याचा खर्च रेव्हलॉन ही प्रसाधने बनविणारी कंपनी करीत असे. कार्यक्रम अफाट लोकप्रिय झाला आणि कंपनीची विक्री झपाट्याने वाढली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून प्रश्न बँकेच्या तिजोरीत ठेवीत, पहारेकऱ्यांच्या बंदोबस्तात स्टुडिओत आणीत, आणि बँकेचा एक अधिकारी रंगमंचावर बसून राही. परंतु कोणत्या स्पर्धकाला काय येते आणि काय येत नाही, हे निर्मात्यांनी आधीच चाचपून पाहिलेले असे. मग जो लोकांना आवडला त्याला सोपे आणि जो नीरस वाटला त्याला अडविणारे प्रश्न काढणे कठीण नव्हते. तिजोरीचे कुलूप शाबूत होते, पण आतला खरेपणा केव्हाच निघून गेला होता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५६ मध्ये, ‘ट्वेंटी-वन’ नावाचा दुसरा कार्यक्रम निघाला. त्याचा प्रायोजक जेरिटॉल या टॉनिकचा उत्पादक होता. निर्माते डॅन एनराइट यांनी पुढे सांगितले की पहिला कार्यक्रम प्रामाणिकपणे झाला आणि सपशेल पडला, कारण स्पर्धकांना उत्तरेच येईनात. प्रायोजक संतापला, असे पुन्हा होता कामा नये, अशी त्याची ताकीद आली. त्यानंतर उत्तरे आधी देण्यास सुरुवात झाली. हर्बर्ट स्टेम्पल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकणारा, सैन्यातून परतलेला तरुण. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. त्याला उत्तरे तर दिलीच, शिवाय केस कसे कापावेत, कोणता ढगळ सूट घालावा, कपाळावरचा घाम कसा टिपावा हेही शिकविले. काही आठवड्यांनी प्रेक्षकांना नवा चेहरा हवासा झाला, तेव्हा त्याला हरण्याचा हुकूम झाला. डिसेंबर १९५६ मध्ये त्याला जे प्रश्न आले, त्यांत १९५५ सालच्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर कोणाला मिळाले हा एक होता. उत्तर होते ‘मार्टी’. तो त्याचा अत्यंत आवडता चित्रपट. तरी साऱ्या देशापुढे त्याला चुकीचे नाव सांगावे लागले. ज्याला उत्तर येत होते त्याच्याकडून अज्ञानाचे सोंग करविले गेले. प्रश्न विचारण्याच्या कामाची याहून मोठी विटंबना कोणती?

त्याच्या जागी आला चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक, एका नामांकित कवीचा मुलगा. तो १ लाख २९ हजार डॉलर जिंकला. फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याने कबूल केले की त्याला प्रश्न आणि उत्तरे आधी मिळत होती. त्याची विद्यापीठातील जागा गेली, टेलिव्हिजनवरील नोकरीही गेली. अशी स्पर्धा आधी ठरवून करण्याविरुद्ध तोपर्यंत कायदाच नव्हता. तो १९६० साली झाला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी या जबानीतील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. व्हॅन डोरेन पैशाच्या लोभाने एकदम वश झाला नव्हता. प्रामाणिकपणे खेळू द्या, अशी त्याने आधी विनंती केली होती. तेव्हा त्याला समजाविण्यात आले की टेलिव्हिजनवर एक शिक्षक जिंकताना दिसला तर देशात शिक्षकांचा मान वाढेल, विद्येला प्रतिष्ठा येईल; ही एक प्रकारची सेवाच आहे. चांगल्या माणसाला मोह पडतो तो असा. चोरी करशील काय, असे त्याला कोणी विचारीत नाही. सत्कार्याला एवढा हातभार लावशील काय, असे विचारतात. मंडळीचे नाव होईल, सुवार्तेची साक्ष होईल, मुलांना उत्तेजन मिळेल, ही कारणे आपल्या बैठकीत निघतात तेव्हा ती खोटी नसतात. खरी असतात म्हणूनच त्यांच्या आडून पुष्कळ काही खपून जाते. त्याच चौकशीत टेनेसी राज्यातील एका पाळकांनीही साक्ष दिली की त्यांनाही उत्तर आधी कळविले गेले होते. पाळकाचा झगा या मोहापासून राखीत नाही, मग आपली समिती राखील असे समजू नये.

याच साक्षीदारांत पॅटी ड्यूक नावाची एक बालनटी होती. तिला उत्तरे देऊन स्पर्धेत बसविले होते. १९५९ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, खासदारांच्या समितीसमोर तिला ते सांगावे लागले. जाहिरात कंपनीची झाली, नाव कार्यक्रमाचे झाले, आणि मोठ्यांच्या लबाडीचा जाब द्यायला एक मूल उभे राहिले.

तर मग प्रसिद्धीसाठी भरविलेली प्रत्येक प्रश्नमंजूषा लबाडच समजावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या देशात १९७२ साली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. तिच्या नावातच एका पेयाची जाहिरात होती आणि ती कोणी लपविली नाही. रेडिओवर ती ऐकत ऐकत कितीतरी मुलांना वाचनाची गोडी लागली. १९९२ पासून ती टेलिव्हिजनवर दिसू लागली. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि २०१३ साली त्याची मराठी आवृत्तीही निघाली. प्रश्नोत्तरांसाठी सारे घर एकत्र बसल्याचे दृश्य आपण सर्वांनीच पाहिले आहे. कंपनीने आपले नाव दारावर लावले आणि आतला खेळ मोकळा ठेवला, तर त्यात पाप नाही. नाव मिळावे अशी इच्छा असण्यात दोष नाही. निकाल कोणी ठरवायचा, ज्ञानाने की नावाच्या गरजेने, येथे वाट फुटते.

यावर काही वाचक म्हणतील, तो सारा लाखो डॉलरांचा व्यवहार होता. आपल्या येथे बक्षीस म्हणजे एक पेन आणि प्रमाणपत्र. आपल्याला त्याचे काय? त्यांच्यासाठी इंग्लंडमधील एक लहानशी घटना सांगतो. बीबीसीचा ‘ब्लू पीटर’ हा मुलांचा जुना आणि अतिशय विश्वासू समजला जाणारा कार्यक्रम. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यात फोनवरून उत्तर देण्याची एक स्पर्धा होती. फोनच्या आकारातील काही भाग युनिसेफच्या मदतकार्यास जायचा होता. हजारो मुलांनी फोन केले. ऐन वेळी यंत्रणेत बिघाड झाला आणि फोन करणाऱ्यांपैकी कोणाशीही संपर्क होईना. कार्यक्रम तर थेट चाललेला. तेव्हा स्टुडिओ पाहायला आलेल्या एका मुलीला, फोनवरून उत्तर देत आहोत असे दाखवून विजेती ठरविण्यात आले. पुढे हे उघडकीस आले. २००७ च्या मार्चमध्ये बीबीसीने माफी मागितली आणि जुलैत ५० हजार पौंड दंड झाला. येथे लोभी प्रायोजक नव्हता, कोणाच्या खिशात पैसे जायचे नव्हते, कारणही परोपकाराचे होते. कॅमेरा चालू असताना समोर काहीच नसावे, एवढीच भीती होती. पण त्या भीतीपायी एका मुलीला खोटे बोलायला लावले आणि हजारो मुलांना फसविले.

ही भीती आपल्याला परकी नाही. पाहुणे येऊन बसले आहेत, कोणी मोबाइलवर चित्रण करीत आहे, आणि मुलांना उत्तरे येत नाहीत. अशा वेळी प्रश्न विचारणारे ताई किंवा भाऊ ओठांनी पहिले अक्षर सुचवितात. चुकले तरी ‘जवळजवळ बरोबर’ म्हणून गुण देतात. गोष्ट क्षुल्लक दिसते. पण मूल त्या क्षणी जे शिकते ते शास्त्रातील कोणत्याही वचनापेक्षा पक्के शिकते. बाहेरची माणसे पाहत असली म्हणजे खऱ्याचे माप थोडे सैल करता येते, हा तो धडा.

पवित्र शास्त्रात बक्षिसाच्या प्रश्नाची एक जुनी गोष्ट आहे. शास्ते १४ मध्ये शमशोन आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस पलिष्टी सोबत्यांना कोडे घालतो. मुदत सात दिवस, पण तीस तागाची वस्त्रे आणि तीस पोशाख. कोडे असे होते की ते शमशोनाखेरीज कोणालाही सुटणे शक्य नव्हते. त्याच्या एकट्याच्याच पाहण्यातील गोष्ट होती ती. सोबत्यांना उत्तर येईना आणि हरणे तर नको होते. त्यांनी नवरीला जाळून टाकण्याची धमकी दिली. तिने रडून रडून नवऱ्याकडून उत्तर काढले आणि त्यांना पोचविले. पुढच्याच अध्यायात ती आणि तिचा बाप दोघेही जाळले गेले. या गोष्टीत कोडे घालणाऱ्याला आपली चतुराई मिरवायची होती, सोडविणाऱ्यांना आपली अब्रू राखायची होती, आणि जिचा त्या पैजेशी काही संबंध नव्हता तिला प्राण द्यावा लागला. दोन पक्षांना आपापले नाव राखायचे असते तेव्हा मधल्या दुर्बळ माणसावर सारा भार पडतो. आपल्या कार्यक्रमात तो मधला दुर्बळ म्हणजे मूल असते.

याउलट शास्त्रात दुसऱ्याही प्रकारचे प्रश्न आहेत. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाची आणि यहोशवा ४ मध्ये यार्देनेतून काढलेल्या बारा धोंड्यांची आज्ञा देताना असे गृहीत धरले आहे की मुले विचारतील, याचा अर्थ काय? तेथे प्रश्न मुलांचा आहे आणि उत्तराची जबाबदारी मोठ्यांची. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला, तेव्हा तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता, असे लूक सांगतो. लोक त्याच्या उत्तरांनी थक्क झाले हे खरे, पण तो कोणाला थक्क करण्यासाठी तेथे बसला नव्हता. आपल्या प्रश्नमंजूषेत सारे प्रश्न मोठ्यांकडून मुलांकडे जातात. मुलाने विचारावे आणि मोठ्याने शोधावे, याला तेथे घंटाही नसते आणि गुणही नसतात.

मग आपण काय करावे? प्रश्नमंजूषा बंद करावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बातमीदाराला बोलावू नये असेही म्हणत नाही. फक्त चार कसोट्या सुचवितो. समितीने त्या आधीच लावून पाहाव्यात.

पहिली. बातमीदार आणि पाहुणे आले नाहीत, तर कार्यक्रम त्याच वेळी, त्याच उत्साहाने होईल काय? पाहुण्यांची वाट पाहत मुलांना तासभर उपाशी बसविले जात असेल, तर उत्तर मिळालेच म्हणून समजावे.

दुसरी. प्रश्न काढणारा आणि एखाद्या गटाची तयारी करून घेणारा एकच माणूस आहे काय? लहान मंडळीत माणसे मोजकीच असतात हे आम्ही जाणतो. अशा वेळी शेजारच्या मंडळीतील शिक्षकांकडून प्रश्न काढून घ्यावेत आणि लिफाफा सर्वांसमोर फोडावा.

तिसरी. हरलेला मुलगा घरी काय घेऊन जातो? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आणि त्यामागची गोष्ट कार्यक्रमात सांगितली गेली, तर हरलेलाही काही घेऊन जातो. आणि चुकीचे उत्तर देऊन गोंधळलेल्या मुलाची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरता कामा नये. पूर्वी अशी फजिती सभागृहाबाहेर जात नसे; आता ती मुलाच्या शाळेपर्यंत जाते आणि वर्षानुवर्षे राहते. मुलांची चित्रे बाहेर द्यावयाची तर आधी आईबापांना विचारावे.

चौथी. बातमी खरी आहे काय? चाळीस मुले आली असतील तर चाळीस लिहावीत, ‘शेकडो’ लिहू नयेत. भाषण करणाऱ्या मोठ्यांची नावे ओळीने आणि मुलांचा उल्लेख ‘विजेत्यांस बक्षिसे देण्यात आली’ एवढाच, अशी बातमी पाठविण्यापेक्षा न पाठविलेली बरी.

या कसोट्यांना उतरून जर पत्रात चार ओळी आल्या, तर आनंदाने त्या कापून मंडळीच्या फलकावर लावाव्यात. आपण या शहरात आहोत हे शेजाऱ्यांना कळले, यात वाईट काही नाही.

शेवटी शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी प्रश्नमंजूषा झाली की अर्धा तास राखून ठेवा आणि मुलांना सांगा, आता तुम्ही विचारा. नोहाच्या तारवात न गेलेल्या लहान मुलांचे काय झाले, असे कोणी विचारील. माझी आजी प्रार्थना करूनही बरी का झाली नाही, असे कोणी विचारील. घाई करू नका. उत्तर येत असेल तर सांगा. येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे मुलांच्या डोळ्यांना डोळे भिडवून सांगा, आणि पुढच्या रविवारी विसरू नका. त्या अर्ध्या तासाची बातमी कोणत्याही पत्रात येणार नाही. परंतु त्या मुलाला पुढे आयुष्यात खरा प्रश्न पडेल, तेव्हा तो घेऊन कोणाकडे जायचे हे त्याला माहीत असेल.